मेश्राम मॅडमची बारीक जाळी

मेश्राम मॅडमना 'कशा आहात?' असं विचारून बघा. "नेमकं काय विचारतेयस? गुडघा, झोप की डोकं? सगळ्याचं मिळून एक उत्तर नसतं."

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. काम काय, तर वाहती हवा कॉम्प्युटरवर मांडायची. हवा भोवरे घेत जाते. प्रत्येक भोवरा मोजायला बसलं तर कॉम्प्युटरची वाट लागेल. म्हणून हवेवर चौकटींची जाळी टाकायची. आपल्या प्रश्नाच्या उत्तराला जिथे फरक पडतो, तिथे कॉम्प्युटर ती आपणहून बारीक करत जातो. बाकीकडे ढोबळ.

बाईंचं घरही तसंच. झाडू फक्त दारापासून खुर्चीपर्यंत. "बाकी ढोबळ चालतं गं."

तर, आमच्या दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्ट्यात बिल्डरने पार्किंगचा मनोरा उभारायला घेतला. चार मजली! कुणाला विचारलं? कुणालाच नाही! मी पत्रक काढलं: 'सर्वांची हवा, सर्वांचा हक्क'. पुरावा हवा म्हणून मॅडमना गाठलं. त्यांनी आठवडाभर कॉम्प्युटर चालवला.

चित्र बघून मी हादरलेच. अख्खी इमारत जाड चौकटींची. जिना, गच्ची, तळमजल्यावरच्या दमेकरी आजोबांची खिडकी, सगळं ढोबळ! बारीक जाळीचा एकच पट्टा: समोरच्या इमारतीतल्या परबकाकूंच्या स्वयंपाकघरापासून मॅडमच्या खिडकीपर्यंत.

"हे काय? सर्वांची हवा कुठाय?"

"ती घोषणा आहे. घोषणेचं उत्तर कसं काढू? मी एक प्रश्न घातला."

"कुठला?"

"मनोरा झाल्यावर परबबाईंच्या तळणीचा वास माझ्याकडे येईल का."

इथे लोकांचा श्वास कोंडणार आणि या बाईला सुरमई सुचतेय! "मॅडम, तुम्ही मासे खाता तरी का?"

"छे. काट्यांची भीती वाटते."

"मग?"

त्या पडद्यावरच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. "वास आला की मी ताट वाढून घेते. त्या तिकडे बसतात, मी इकडे."

"आणि उत्तर काय आलं?"

"नाही येणार."

"अहो, मग लढू ना आपण!"

"लढ की. आकडे देते तुला, आजोबांच्या खिडकीचेसुद्धा काढून देते." त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. "पण तू पाचव्या मजल्यावर, मनोऱ्याच्या वर. तुझ्याकडे येत राहील. वास आला की खाली एक हाक मारशील?"