टिपणीसकाकांचं स्टॉकहोम

ठाण्याला कोपरीत टिपणीसकाकांना कुणी वेळ विचारली, की ते आधी विचारत, "इथली की तिथली?" त्यांच्याकडे दोन घड्याळं होती. खिशातलं चाले कोपरीच्या वेळेवर आणि मनगटावरचं स्टॉकहोमच्या. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. सकाळी आम्ही गॅलरीत दात घासत असलो, की काका मनगटाकडे बघून हळू आवाजात म्हणत, "तिकडे अजून रात्र आहे. साहेब झोपलेत." आवाज हळू, कारण साहेबांची झोपमोड नको.

हे साहेब म्हणजे कल्याणपलीकडच्या एका कारखान्यातले स्वीडिश इंजिनियर. काका तिथे टाइमकीपर होते. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात साहेब मायदेशी परतले आणि जाताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मिस्टर टिपणीस, कधी स्टॉकहोमला आलात तर घरी या." असं आपणही म्हणतो. लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाला "या एकदा घरी" म्हणतो आणि तो खरंच आला तर दचकतो. काकांनी मात्र ते बोलावणं मनावर घेतलं. सात वर्षं ते निघण्याच्या तयारीत होते.

"तयारी असलेली बरी," हे त्यांचं पालुपद. अंगाला सवय व्हावी म्हणून ते भर मे महिन्यात लोकरीचा कोट घालून बसत. मग थंडीचीही सवय हवी म्हणून, ओळखीच्या मुकादमाला सांगून, बर्फाच्या कारखान्यात पंधरा मिनिटं उभे राहून येत. थालीपीठ सुरी-काट्यानं खात. बोटीतून उतरल्यावर कुठली आगगाडी, स्टेशनातून बाहेर पडल्यावर किती पूल ओलांडायचे, हे एका जुन्या नकाशावरून त्यांना तोंडपाठ होतं. साहेबांच्या बायकोला कैरीचं लोणचं न्यावं की कोकमं, यावर त्यांनी माझ्याशी दोन पावसाळे चर्चा केली. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तेव्हा ऐकायला मीच असे. मी ऐकत असे, कारण रात्री कट्ट्यावर मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवायची असे. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

"काका, निघणार कधी?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "बहुतेक दिवाळीनंतर."

काका निवृत्त झाले त्या वर्षी मी बावीस वर्षांचा, आमच्या वाचनालयाचा चिटणीस, आणि स्वतःला फार विनोदी समजणारा होतो. आम्ही चौघा मित्रांनी बेत केला, की काकांचा परदेशगमनानिमित्त जाहीर सत्कार करायचा. आपल्याकडे माणूस विलायतेला निघाला, की हार, नारळ, भाषणं आणि ग्रुप फोटो झाल्याशिवाय त्याला कुणी जाऊ देत नाही. तर भर सभेत काकांना तारीख विचारायची आणि त्यांची कशी फेफे उडते ते बघायचं. याला आम्ही विनोद म्हणत होतो.

वाचनालयाचे अध्यक्ष माझे वडील. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मी सांगितलं, की काकांचं तिकीट निघालं. वडील कधी खोटं बोलत नसत, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं त्यांना ओळखूही येत नसे. काकांना मात्र आम्ही वार्षिक सभा आहे म्हणून बोलावलं.

सभेला दोनेकशे माणूस आला. वडिलांनी अर्धा तास भाषण केलं. शेवटी स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांनी काकांना पांघरली. मिठागरावर जन्म गेलेली जनीआजी सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन पुढे आली. "दादा, तिकरं लय थंडी हाय म्हनं. जपून जा," असं म्हणून तिनं काकांच्या तोंडावरून हात फिरवला. काका हार गळ्यात घेऊन गोंधळून बसले होते. त्यांनी मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून बसलेल्या माझ्या मित्रांकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे.

मी उठून विचारलं, "काका, प्रयाणाची तारीख सांगा ना सगळ्यांना."

काकांनी गळ्यातला हार सारखा केला. "बुधवारी," ते म्हणाले. "बुधवारी निघतो."

आणि बुधवारी निघाले. लोकरीचा कोट, ट्रंक, वळकटी. अर्धी कोपरी फलाटावर लोटली. "बंदरावर कुणी येऊ नका, मला रडू येईल," असं सांगून ते मुंबईच्या गाडीत चढले. मी चाटच पडलो. म्हणजे म्हातारा खरंच निघाला होता तर. त्यानंतर दर रविवारी वडील ॲटलास उघडून मला हाक मारत. "बोट आता एडन सोडून गेली असेल, नाही का रे?"

तीन महिन्यांनी मामेबहिणीकडे बारशाला म्हणून मी विठ्ठलवाडीला गेलेलो. स्टेशनाबाहेर भाजीवालीसमोर धोतर नेसलेले टिपणीसकाका मेथीची जुडी निवडत उभे होते. मला बघून त्यांनी आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग हसले आणि म्हणाले, "चल, चहा घे."

तिथे त्यांच्या बहिणीचं घर होतं. त्या बुधवारी ते मुलुंडला उतरले होते आणि समोरून येणारी कल्याणची गाडी धरली होती. ठाणं आलं तेव्हा वडिलांची शाल तोंडावरून ओढून घेतली होती.

"पण काका, सभेतच सांगायचं होतं, की जायचं ठरलेलं नाही म्हणून."

"थट्टा होती ते मला हार घालतानाच कळलं रे," काका म्हणाले. "पण तुझे वडील शेजारी बसलेले. एवढं बोलले, शाल दिली. मी खरं बोललो असतो, तर चार माणसांत त्यांना कळलं असतं, की आपल्या मुलानं आपल्याला फसवलं. त्यांना ते सोसलं नसतं. माझं काय, मी एकटा माणूस."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "काका, आजच घरी चला. वडिलांना मी सगळं सांगतो."

"मग मी इथे तीन महिने कशाला काढले?" काका किंचित रागावले. मग हिशेबाला लागले. "बोटीनं गेलेला माणूस साधारण किती दिवसांनी परत आलेला शोभेल? आणखी दीड महिना राहतो. तयारी असलेली बरी."

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त शरम मला त्याचीच आहे.

काका परतले. वडिलांनी त्याच आठवड्यात त्यांचं व्याख्यान ठेवलं. काकांनी टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण वडील ऐकेनात. शेवटी काका उभे राहिले आणि तासभर बोलले. बोट, आगगाडी, पूल, थंडी, पाण्याकाठचा राजवाडा. एक शब्द अडला नाही. वडील नकाशावर बोट ठेवून प्रत्येक पुलाला मान डोलावत होते. मागच्या बाकावर माझे मित्रही गप्प बसून ऐकत होते.

"साहेबांचं घर तिसऱ्या मजल्यावर," काका म्हणाले. "मी घंटा वाजवली. मनात धाकधूक होती. इतकी वर्षं झाली, तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. ओळखतील की नाही?" ते थांबले. पाण्याचा घोट घेतला. "साहेबांनी दार उघडलं. लगेच ओळखलं मला. म्हणाले, मिस्टर टिपणीस, या, या. किती वाट बघायला लावलीत."

टाळ्या झाल्या. चिटणीस म्हणून आभार मानायला मला उठायचं होतं. मी उठलो. डोळे पुसून तसाच खाली बसलो. वडील शेजारच्या गृहस्थांना कौतुकानं म्हणाले, "पोराचा फार जीव आहे हो टिपणिसांवर."