उंटकोळ्याचं बारसं

सुधींद्रने तेवढं एक झाकण उघडलं नसतं, तर एचएसआर लेआउटमधला तो रविवार इडली-चटणीत सुखाने पार पडला असता. पण पडला शास्त्रज्ञ! झाकण दिसलं की हात शिवशिवायचेच.

झाकणाखाली होता उंटकोळी. जैसलमेरच्या वाळूतून आणलेला, तळहाताएवढा, केसाळ, आणि जबडे असे की सांडशीने लाजावं. कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी तो जुळेना. म्हणजे नवी जात! दुसऱ्यांनी शोधलेल्या जातींचे दात मोजण्यात सुधींद्रचे केस पिकले होते. हा त्याचा स्वतःचा पहिला. अडचण एकच. उंटकोळ्यांची जात पक्की करायची ती फक्त नराच्या जबड्यावर असणाऱ्या बारीकशा दोऱ्यावरून. मादी निघाली तर सगळं मुसळ केरात. लॅबच्या एसीत प्राणी आखडून बसे, म्हणून सुधींद्रसाहेबांनी त्याला उबेसाठी घरी आणलेला.

"नर निघाला ना, तर जातीला तुझं नाव देणार," त्याने बायकोला, मैत्रेयीला, ऐटीत सांगितलं.

"अगंबाई! लोक बायकोला चिकपेटातून साडी आणतात. आणि हे केसाळ ध्यान माझ्या नावाचं? निपाणीला माहेरी काय तोंड दाखवू?"

"थांब, स्वल्प उघडतो, जबडा बघतो."

झाकण स्वल्पच उघडलं. उंटकोळी मात्र पुरता बाहेर आला.

"हलू नकोस!" सुधींद्र ओरडला. "विषारी नाही तो. माणसावर धावत नाही, सावलीकडे धावतो. नुसतं स्थिर उभं राहायचं!" (हे वाक्य तो शाळाशाळांतून टाळ्या घेत सांगत आला होता.)

बाल्कनीतून ऊन आलेलं, सुधींद्रची सावली फरशीवर ऐसपैस पसरलेली. उंटकोळी सुसाट तिकडे निघाला. आणि आमचा तज्ज्ञ पळाला हो! तो पळाला तशी सावलीही पळाली, सावलीमागे उंटकोळी. सोफ्याला प्रदक्षिणा घालून सुधींद्र थेट डायनिंग टेबलावर चढला. एक पाय चटणीत.

"अहो, स्थिर उभं राहायचं ना?" मैत्रेयी जागची हलली नव्हती.

"दाराखाली फट आहे गं! बाहेर गेला तर संपलं सगळं माझं..."

आवाज रडवेला झाला होता. मैत्रेयीचा जीव कळवळला. कितीही वेंधळा असला तरी नवरा तिचा लाडका होता. ती गुपचूप दारापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या सावलीत उंटकोळी आला आणि दमून गप्प बसला. तिने वरून अलगद डबा पालथा घातला.

"नर आहे हो," ती म्हणाली.

"जबडा न बघताच?"

"एवढ्या घरात लपायला बायकोचीच सावली शोधली. दुसरं कोण असणार?"

भिंगाखाली धरलं, तर जबड्यावर दोरा! नरच! सुधींद्रने चटणीच्या पायानिशी तिला मिठी मारली. "ठरलं! नाव तुझंच!"

"छे! घाबरून पळतो काय, धापा टाकतो काय. तुमचंच नाव शोभतं त्याला."

"अगं, नव्या जातीचं वर्णन लिहिणाऱ्याने तिला स्वतःचंच नाव द्यायची रीत नाही. लोक हसतात."

"हात्तिच्या! मग वर्णन मी लिहिते की," मैत्रेयी फडकं पुढे करत म्हणाली. "पाय पुसा, आणि तुम्ही नुसते समोर बसा. बघून बघून लिहिते."