बसून पाहिलेला लॅपटॉप

नातीचा नवा लॅपटॉप फक्त पाच मिनिटं लपवायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

सूड म्हणा हवं तर. दुकानात तिनं मला चारचौघांत गप्प केलं होतं. मी जन्मभर पत्र्याच्या पेट्या ठोकल्या. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पेटीवर बसून बघायचं; पत्रा दबला नाही, तरच खिशात हात घालायचं. म्हणून मी विक्रेत्याला सरळ विचारलं, "यावर बसलं तर चालेल?"

त्याचा चेहरा उतरला. नात पुटपुटली, "आजोबा, हळू बोला ना!"

(हळू कसलं? कवळी मी जेवणापुरतीच लावतो. बोलायला हिरड्या पुरतात, फक्त आवाज चढवावा लागतो.)

नातीला देखणा हवा होता, मुलाला टिकाऊ, सुनेला स्वस्त. तिघांचं एकमत होईस्तोवर विक्रेता घामाघूम झाला. शेवटी निळसर रंगाचा, माझ्या शाळेतल्या पाटीहून पातळ असा एक ठरला. (शाळा चौथीपर्यंतच. पुढे गुरुजी कंटाळले.) सून म्हणाली, "शाळा संपेपर्यंत हाच. मोडला तर दुसरा नाही." ती बोलते तसं करते. मी उगाच घाबरत नाही तिला.

घरी येताच नात हात धुवायला गेली. मी लॅपटॉप माझ्या खुर्चीच्या गादीखाली सरकवला. तेवढ्यात सुनेनं माझ्या हातात चहाचा कप दिला. हातात चहा आला की माझं बूड आपसूक खुर्चीत जातं. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो.

कर्रकन आवाज झाला.

हातपाय गार पडले. उठून बघावं, तर धीर होईना. बसून होतो तोवर तो मोडलाय हे नक्की नव्हतं ना!

"माझा लॅपटॉप कुठाय?" नात बाहेर आली.

मग घर उलटंपालटं झालं. मुलानं कपाटं उपसली. सुनेनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाबा, तुमची काही गंमत तर नाही?"

"माझी? छे!" (गेल्या महिन्यात मुलाच्या स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली होती. तेव्हापासून घरात मला पत नाही.)

"बाबा, उठा जरा. खुर्चीखाली बघतो," मुलगा म्हणाला.

"उठवत नाही रे."

"का?"

"कंबर."

झालं! वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी मनगट धरलं आणि भुवया चढवल्या. "अंगाला घाम, हाताला कापरं, नाडी पळतेय. ही कंबर नाही. गाडी बोलवा."

मुलगा पांढराफटक पडला. सून फोन लावू लागली. आता माझी भीती दुप्पट झाली: आधी लॅपटॉप मोडल्याची होती, आता खरंच मरतोय की काय याचीही! नर्सबाई खोटं कशाला बोलतील?

नातीनं माझा हात घट्ट धरला. डोळे भरलेले. "आजोबा, मला लॅपटॉप नको. मी मैत्रिणीकडे जाऊन लिहीन. तुम्ही फक्त बरे व्हा."

तिथं माझा सगळा आव गळाला. डोळे मिटून म्हणालो, "गादीखाली आहे. मी बसलो, तेव्हा कर्रकन मोडलं."

मुलानं आणि सुनेनं मला बखोटीला धरून उठवलं. नातीनं गादी उचलली, लॅपटॉप काढला, उघडला. मी एकच डोळा किलकिला केला. टिंग झालं. पडदा उजळला. कुठं ओरखडासुद्धा नाही!

"मग मोडलं काय?" सुनेनं विचारलं.

"हाड असेल," म्हणत नर्सबाईंनी माझी कंबर चाचपली आणि पायजम्याच्या मागच्या खिशातून माझी कवळी काढली. दोन तुकडे.

त्या संध्याकाळी सगळे पोटभर जेवले. मी दुधात पाव कुस्करला.

जेवणानंतर नात लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसली. शाळेचं काम असेल म्हणून डोकावलो, तर तिनं टाइप केलं होतं: 'देखणी, टिकाऊ कवळी'.

"स्वस्तातली बघ गं!" आतून सून ओरडली.

"बघते!" नात म्हणाली, आणि माझ्याकडे वळून हळूच, "आजोबा, दुकानात या वेळी बसून मी बघणार."