केशवरावांचं वॉटर्लू

आमच्या शेजारचे केशवराव दर गुरुवारी वॉटर्लूची लढाई हरतात. हरण्याआधी आंघोळ करतात, कपाळाला गंध लावतात आणि पंखा बंद करतात. पंखा चालू ठेवला तर पुठ्ठ्याचं सैन्य उडून जातं म्हणे! तंजावूरचा मे महिना, वीज खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, आणि तो पंखा बंद करून नेपोलियन होऊन बसतो. समोर इंग्रज होऊन घाम पुसत कोण बसतं? मी. दुसरं कोण आहे?

माझं माहेर सांगलीचं. लग्न होऊन राजवाड्यामागच्या या गल्लीत आले, त्याला तीस वर्षं झाली. केशवराव माझ्या नवऱ्याचे मित्र, म्हणून मी त्यांना भावजी म्हणते. त्यांच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही धड सांगता येत नाही. मराठी बोलतात ती 'मी केलों', 'मी सांगितलों' अशी, आणि तीही तमिळच्या चालीवर. सुरुवातीला मला हसू यायचं. आता मी माहेरी गेले की तिथले मला हसतात.

खेळ काय, तर एक भलामोठा नकाशा. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. एकेक सोंगटी म्हणजे एकेक पलटण, तिच्यावर तिच्या ताकदीचा आकडा. फासा टाकायचा, तक्त्यात बघायचं, कोण मेलं आणि कोण मागे हटलं. हा खेळ त्यांच्या मुलानं, सुरेशनं, इथल्या कॉलेजात असताना चेन्नईहून आणला. दोन वर्षं दर रविवारी बापलेक लढले. मग सुरेश नोकरीला तिकडेच गेला आणि खोका इथे राहिला. निम्म्या सोंगट्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा भावजींनी साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून नव्या केल्या. इंग्रजांच्या घोडदळाच्या पाठीवर अजून 'शुद्ध रेशीम' असं छापलेलं आहे.

मी गेले नाही तर दोन्ही बाजूंनी ते एकटेच खेळतात. तरी हरतात.

"अहो, दोन्ही सैन्यं तुमचीच, मग हरता कसे?"

"हरला तो मी, वहिनी. जिंकला तो कोण की!"

बोला आता! फासा हातातून सुटायच्या आत हे "मेलों!" म्हणून मोकळे. चांगले सहा पडले तरी तोंड पाडून बसणार. "सहा पडले. आता पुढं काय चांगलं व्हायचंय?" या माणसापुढे मी हात टेकले आहेत.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. भावजींच्या बायको, रखमावहिनी, वारल्या तेव्हापासून त्या घरात मराठीत भांडायला कुणी उरलं नाही. सुरेशला सगळं समजतं, पण उत्तर तमिळमध्ये. हे फोनवर मराठीत विचारणार, जेवलास का? तो तमिळमध्ये सांगणार, जेवलो. झालं, फोन ठेवला. म्हणून भावजींनी खेळाला एक नियम जोडला. हुकूम तोंडानं, मराठीत दिल्याशिवाय सोंगटी हलणार नाही.

"सुरेश येईल तेव्हां त्याला बोलावंच लागेल की!" मला म्हणाले. "एक शब्द बोलला तर बस् की, वहिनी."

लेकाच्या तोंडून एक मराठी शब्द. त्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि त्याची तालीम माझ्या डोक्यावर!

मग त्यांनी हुकमाच्या चिठ्ठ्या केल्या आणि एका स्टीलच्या डब्यात भरल्या. आपली पाळी आली की एक काढायची, मोठ्यानं वाचायची, वाचलं तसं करायचं. शब्द मराठी, पण अक्षरं तमिळ, कारण देवनागरी बापालाही येत नाही आणि लेकालाही नाही. आता तमिळमध्ये प आणि ब यांना अक्षर एकच. भावजींनी काही चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं 'बळ', म्हणजे ताज्या दमाची फौज आली. काहींवर 'पळ', म्हणजे होती ती फौजही रणातून गेली. लिहायला दोन्ही अगदी सारखे!

"भावजी, हे बळ की पळ?"

"वाचणाऱ्याच्या तोंडून येईल तें."

मी दर वेळी बळ वाचायचे, मी काय खुळी आहे? भावजी दर वेळी पळ वाचायचे.

"अहो, एकदा तरी बळ वाचा!"

"खोटं कसं वाचूं?"

कपाळ माझं!

परवा सुरेश आला. कुंभकोणमला कुणाचं तरी लग्न होतं, जाताजाता दोन तास. दारात गाडी उभीच. भावजींनी पानावरून उठल्या उठल्या त्याला नकाशापाशी नेलं, आणि मला साक्षीला बसवलं. सुरेश हसला, बसला, आणि गुपचूप एक पलटण पुढे सरकवली. भावजींनी ती उचलून मागे ठेवली.

"हुकूम?"

"सगळं समजतं मला, अप्पा. बोलायलाच कशाला पाहिजे?" हे तमिळमध्ये.

त्यानं पुन्हा सरकवली, यांनी पुन्हा मागे ठेवली. असं चार वेळा. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सुरेशनं घड्याळ बघितलं. भावजींच्या हातातला फासा ओला झाला होता, मला दिसत होतं. मला इतका राग आला सुरेशचा, वाटलं दोन शब्द सुनवावेत. शेवटी भावजींनी डबाच त्याच्यापुढे धरला. सुरेशनं एक चिठ्ठी काढली आणि शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचली.

"पळ."

नकाशाच्या कडेला त्याच्या मदतीची ताजी फौज उभी होती. ती आत आली असती की नेपोलियन संपलाच होता. मी ओरडले, "अरे, बळ वाच रे, बळ!"

भावजींनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मग सुरेशची ती सगळी फौज त्यांनी एकेक सोंगटी करून उचलली.

"अप्पा, जिंकलात की!" सुरेश तमिळमध्येच म्हणाला, हसला, पाया पडला आणि गेला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो.

आत आलो. नेपोलियन पहिल्यांदाच जिंकला होता, आणि त्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला राहवेना. इतक्या वर्षांनी पोरगा बापाशी मराठी बोलला, आणि बोलला काय, तर पळ!

"भावजी, मनाला लावून घेऊ नका. त्याला ठाऊक नव्हतं."

ते खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले,

"ळ किती स्वच्छ म्हटला, वहिनी. ऐकलात?"

तमिळमध्ये ळ आहेच. आमचा दूधवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, अख्खं गाव दिवसभर म्हणतं. एरवी हे मी तोंडावर सांगितलं असतं, माझा स्वभावच तसा आहे.

"ऐकला ना," मी म्हटलं. "अगदी तुमच्यासारखा."