वर्धा–वर्धा, विनावाहक

माझी बायको कुसुम गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी झाडेभाऊ भेटायला आले. सायकलचे खटखट वाजणारे बूट त्यांनी दारात काढले, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर टेकले आणि दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मला ते बरं वाटलं. त्या दिवसांत येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. मग ते उठले, अंगातल्या पिवळ्या चमचमत्या जाकिटाच्या खिशातून पुठ्ठ्याचं एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, एक सही द्या. अन् टाइम टाका."

माझा मेहुणा शेजारी बसला होता. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सही केली आणि खाली लिहिलं, दहा वाजून वीस मिनिटं. झाडेभाऊंनी शाईवर फुंकर घातली, "नोंद झाली," म्हणाले आणि बूट चढवून गेले.

"हा माणूस कोण?" मेहुण्याने विचारलं.

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता वर्ष होत आलं, सांगून पाहतो.

मनोहर झाडे आमच्या मागच्या गल्लीत राहतात, एकटेच. वय चौसष्ट. एकतीस वर्षं ते समुद्रपूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसायचं, गाडी आली की कंडक्टर कागद पुढे करणार, त्यावर वेळ टाकून सही करायची. लग्नाचं कोणी विचारलं तर "टाइमटेबलात बसलं नाई," एवढंच सांगतात. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस ओट्यावर बसून पेपर वाचेल. त्यांनी सायकल घेतली.

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांचा एक नाद असतो, त्याला ब्रेव्हे म्हणतात. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर. त्यात पहिला नंबर, दुसरा नंबर काही नसतं. ठरलेल्या वेळेत जाऊन परत यायचं, बस. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी हातातल्या कार्डावर वेळ टाकून सही किंवा शिक्का घ्यायचा. एका वर्षात चारही अंतरं पुरी करणाऱ्याला एक पदक मिळतं. त्या वाटेतल्या ठिकाणांनाही कंट्रोलच म्हणतात. हे कळलं त्या दिवशी झाडेभाऊ मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "एकतीस वर्षं म्या दुसऱ्याच्या टाइमावर सह्या केल्या जी. आता माह्या टाइमावर कोणी त करन!"

त्या दिवसापासून सह्यांचा नाद लागला तो लागलाच. ब्रेव्हेचं खरं कार्ड वर्षातून चार-पाच वेळा मिळतं, तेवढ्यावर त्यांचं भागेना. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर रेघा मारून त्यांनी घरीच कार्डं बनवली. औषधाच्या दुकानात गेले की सही. दाढ काढून घेतली की तोंडात कापूस तसाच ठेवून डॉक्टरची सही. पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या बापापुढे कार्ड धरलं, तर तो बिचारा आहेराची पावती समजून खिशात घालू लागला. गिरडच्या टेकडीवर दर्ग्यापाशी फुलं विकणारे एक म्हातारबाबा आहेत. झाडेभाऊंनी त्यांच्यापुढेही कार्ड धरलं. बाबा म्हणाले, "अरे भाई, यहाँ आके लोग दुआ मांगते हैं, तू टाइम मांगता है?" सही मात्र केली, उर्दूत. ते कार्ड झाडेभाऊंनी फ्रेम करून लावलं आहे.

सायकलच्या हँडलवर त्यांनी पत्र्याची पाटी बसवली आहे. वर 'जलद', खाली 'वर्धा–वर्धा, मार्गे गिरड', आणि कोपऱ्यात 'विनावाहक'. चौकात कोणीतरी विचारतंच, "काका, वर्ध्याहून वर्ध्यालेच जाता, त निंगता काऊन?"

"आल्याची नोंद व्हाले आधी निंगा लागते न बाबू," झाडेभाऊ म्हणतात.

पहिल्याच ब्रेव्हेला त्यांची गाडी अडली होती ती एका रकान्यावर. 'अडचणीत कोणाला कळवायचे' असं फॉर्मवर असतं. तो रकाना त्यांनी कोरा सोडला आणि फॉर्म परत आला. एका संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, आत येईनात.

"काय झाडेभाऊ, पंक्चर?" कुसुमने विचारलं.

"नाई वहिनी. एक नंबर पायजे होता."

"कोणाचा?"

"कोणाचाबी."

कुसुमने त्यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि आपला नंबर लिहिला. पुढचा रकाना नात्याचा होता. झाडेभाऊ जमिनीकडे पाहू लागले. "कंट्रोलर लिहिते," ती म्हणाली, आणि लिहिलंसुद्धा.

तेव्हापासून प्रत्येक कंट्रोलवरून तिला फोन येऊ लागला. "गाडी हिंगणघाट, वहिनी. आठ-दोन." ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी टांगलेल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, ते लिहून ठेवायची. नियम असा, की फोन गाडीने कंट्रोलला करायचा. कंट्रोलने गाडीला करायचा नाही, चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. कुसुमला याची मजा वाटे. मला नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, एखादं पुस्तक दोन दिवस उशिरा आलं तरी मला चैन पडत नसे. फोनची वेळ टळली की मी पुस्तक धरून बसे, पान उलटत नसे. महामार्गावरचे ट्रक, कापसाने दोन्ही अंगांना फुगलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्यामधून पिवळं जाकीट घालून चाललेला चौसष्टीचा माणूस, हे सगळं मला बसल्या जागी दिसायचं. कुसुम म्हणायची, "गाडी उशिरा येते हो. येत नाही असं होत नाही." हे वाक्य तिने त्यांच्याकडूनच उचललं होतं.

मागच्या वर्षी सहाशेच्या ब्रेव्हेत ते अकरा मिनिटांनी चुकले. कारण विचारलं तर रागावले. परतताना एका बसस्टँडवर त्यांना दिसलं की गाडी लागली आहे, कंडक्टर कागद घेऊन उभा आहे आणि खिडकीत कोणी नाही. झाडेभाऊ सायकल लावून त्याच्या शेजारी उभे राहिले. खिडकीतला माणूस येईपर्यंत, सही होईपर्यंत. "पण तुम्हाला काय करायचं होतं?" मी म्हणालो. "काय करायचं म्हंजे? गाडी आलीय अन् पाह्यले कोणीच नाई! असं कसं निंगून जाऊ सर?"

कुसुमच्या तेराव्यापर्यंत ते रोज आले, रोज दहा मिनिटं गप्प बसले आणि रोज सही घेऊन गेले. मेहुणा वैतागला. मलाही तो तऱ्हेवाईकपणाच वाटला. पुढे कधीतरी लक्षात आलं, की त्या दिवसांत मी दुसरं काहीच लिहिलं नव्हतं, आणि घड्याळाकडे पाहिलं होतं ते तेवढ्यापुरतंच.

नंतर एका रविवारी सकाळी कुसुमचा फोन वाजला. माझ्याकडे कधीच फोन नव्हता, घरात तिचाच एक. तो मी रोज चार्ज करत होतो, का ते मला सांगता येणार नाही. उचलला.

"गाडी हिंगणघाट," पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "सर."

मी कॅलेंडरवर लिहिलं. कंट्रोलरची खिडकी अशी माझ्याकडे आली.

ब्रेव्हेचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. यंदा त्यांची दोनशे, तीनशे आणि चारशेची ब्रेव्हे वेळेत झाली. राहिली होती सहाशे, चाळीस तासांत. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला गाडी सुटली. मी आठपासून फोन घेऊन ओट्यापाशी बसलो. हिंगणघाट आलं नाही. नऊ वाजले, समुद्रपूर आलं नाही.

पवनारच्या शेवंताबाई भाजी घेऊन आल्या. त्यांचा धाम नदीच्या काठी मळा आहे. कुसुम असल्यापासून त्या आमच्याकडे मेथी-पालक देतात.

"काऊन जी सर, फोनले काय पायता असे?"

"झाडेभाऊंचा फोन नाही अजून."

"थो म्हतारा? थो यमालेबी म्हणन, आधी सही दे." त्या हसल्या. माझं तोंड पाहून थांबल्या. "येईन जी. जेवून घ्या तुमी."

मी जेवलो नाही. गिरडची वेळ गेली. वरोरा एकच्या सुमारास यायला हवं होतं. फोन माझ्यासमोर होता, चार्ज पूर्ण होता, पडद्यावर कुसुमने लावलेलं जास्वंदाचं चित्र होतं. दोन वाजता मी नियम मोडला आणि त्यांना फोन लावला. एक बाई हिंदीत बोलू लागली. 'सेवा', 'समाप्त' असे दोन शब्द कानावर आले आणि मी घाईने फोन खाली ठेवला. त्यांचा मोबाइल बंद पडला, किंवा फुटला. कुठे फुटला, कशाखाली फुटला, याच्यापुढे माझ्याच्याने विचार करवेना. कॅलेंडरवर त्या दिवशीचा चौकोन कोरा होता. आयोजकांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी फाटकात जाऊन उभा राहिलो, आत आलो, परत फाटकात गेलो. कुसुमच्या शेवटच्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी असाच फेऱ्या मारत होतो.

साडेचारच्या सुमारास शेवंताबाई रिकामी टोपली घेऊन परतताना दिसल्या.

"अजून फाटकातच हा काय? आना थो फोन इकडं." त्यांनी फोन घेतला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं, कानाला धरला आणि ती बाई काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकलं. "सर, याचं पॅक सरलं न परवा! आता इनकमिंगबी बंद होते. तुमाले कोणी फोन केला तरी लागनच नाई."

कुसुमने कधीतरी वर्षभराचं पॅक मारून ठेवलं होतं. ती गेल्यावरही ते दहा महिने चालत राहिलं आणि गुरुवारी संपलं. मी रोज बॅटरी तेवढी भरत होतो. आणि जन्मभर पुस्तकं वाचलेल्या मला त्या बाईचं एक वाक्य पूर्ण ऐकून घेण्याचा धीर झाला नव्हता.

शेवंताबाईंनी आपल्या फोनवरून रिचार्ज मारला. दोन मिनिटांत कुसुमचा फोन टुणटुणू लागला. चुकलेले अकरा कॉल. आठ-पाच, नऊ-दहा, दहा-वीस. मग बारा पन्नासपासून दर पाच मिनिटांनी एक. त्यानंतर काही नाही. मी लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

"वाजून राह्यला न? मंग झालं," शेवंताबाई म्हणाल्या. पण टोपली खाली ठेवून त्या तिथेच पायरीवर बसल्या.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी पिवळं काहीतरी चमकलं.

झाडेभाऊ फाटकाशी उतरले. उतरले म्हणजे सायकलसकट फाटकावर टेकले. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, तुमी बरे हा न?"

"मी? मला काय झालंय? तुम्ही इथे कसे? सहाशे?"

"तुमचा फोन लागून नाई राह्यला." त्यांना दम लागत होता. "हिंगणघाटले वाटलं रेंज नसन. समुद्रपूरले वाटलं, डोळा लागला असन. गिरडले म्हटलं, अजून एक कंट्रोल पाहू. वरोऱ्याहून आठ खेपा लावला, अन् म्हटलं बस. गाडी फिरवली."

"अहो, वर्षभराची मेहनत! कोणाला तरी पाठवायचं होतं पाहायला."

"कोणाले पाठवू जी? तुमच्या घरी येते कोण?"

"मी येते न रोज!" शेवंताबाई पायरीवरून म्हणाल्या.

"तुमचा नंबर कुठं हाय माह्यापाशी?" झाडेभाऊ त्यांच्यावर ओरडले. ते ओरडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग माझ्याकडे वळून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मले काई झालं त तुमाले फोन येईन, सर. फॉर्मवर लिवलंय. तुमाले काई झालं त मले कोण सांगन?"

शेवंताबाई आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. झाडेभाऊंनी तो उभ्याने संपवला, जाकिटाच्या खिशातून घामाने भिजलेलं ब्रेव्हेचं कार्ड काढलं आणि पुढून पाहिलं. चार शिक्के, पुढचे रकाने मोकळे. ते त्यांनी उलटं केलं, फाटकाच्या खांबावर पसरलं आणि खिशातलं पेन माझ्या हातात दिलं.

"लिवा. अडचणीत कोणाले कळवायचं."

मी लिहिलं, मनोहर झाडे. त्यांनी नंबर सांगितला, मी लिहिला. मग नाते, असं लिहून मी थांबलो. कुसुमला हे किती चटकन सुचलं होतं.

"गाडी लिवा, सर," झाडेभाऊ म्हणाले.

मी लिहिलं. खाली सही केली आणि वेळ टाकली. पाच वाजून चौदा मिनिटं.