शेठची बिनबोलाची नक्कल

गणपतीत कारागीर लोटूने आपल्या गुजराती शेठची नक्कल केली आणि दुसऱ्याच दिवशी पांडेसऱ्यातल्या त्या कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात सरळ दोन तट पडले. "पोट दुखेपर्यंत हसलो बुवा!" म्हणणारे एकीकडे, "ज्याचं खातो त्याचीच टिंगल? लाज नाही वाटत?" म्हणणारे दुसरीकडे. गंमत म्हणजे लोटू स्टेजवर एक अक्षर बोलला नव्हता. लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येतंय? तिथे सगळं हातवाऱ्यांवर चालतं. त्याच खुणांनी त्याने अख्खा शेठ उभा केला होता.

दुपारी शेठच्या केबिनमधून लोटूला बोलावणं आलं.

"तुनं काही खरं नही रे भाऊ," शेजारच्या लूमवरचा भिकन म्हणाला.

लोटू लूम बंद करून निघाला. दिवाळी दोन महिन्यांवर आलेली, नोकरी गेली तर बायकोला काय सांगायचं?

केबिनमध्ये दत्तू मुकादम टेपरेकॉर्डर घेऊन उभाच होता. मंडळाने भरलेली कॅसेट त्याने मोठ्या ऐटीत लावली. नुसता हशा. मग टाळ्या. मग परत हशा.

छगनशेठ कान लावून बसले. "पण ए बोल्यो शुं?"

"बोलला नाही शेठ, केलं!"

"शुं कर्युं? दाखव ने!"

आली का पंचाईत! पण तक्रार केली म्हणजे पुरावा द्यायलाच हवा. दत्तूने पोट पुढे काढलं, उजव्या हाताने ते खाजवलं, टेबलावरचं कापड तपासल्यासारखं डोळ्यांजवळ नेलं आणि नाक मुरडलं.

शेठ बघतच राहिले. "हा मी? जरा पण वाटत नाही! खोटी तक्रार करतोस? जा लोटू, कामाला लाग."

सुटला बिचारा! दारापर्यंत पोचलासुद्धा. पण त्याला राहवेना. इतक्या मेहनतीने बसवलेली नक्कल, आणि हा बाबा तिची माती करतोय!

"शेठ, तो चुकतोय," लोटू वळून म्हणाला. "तुम्ही आधी नाक मुरडता. मग पोट खाजवता, तेही डाव्या हाताने."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. शेठने खाली पाहिलं. त्यांचा डावा हात पोटावरच होता.

"मुकादम, तू बाहेर जा."

दार लागलं. शेठ खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "लोटू, माझ्या भागीदाराची येते का रे तुला?"