तीनशे चौसष्टावा दिवस

"माझ्या फरशीवर मुंगीसुद्धा घसरायची नाही!" सुकदेवनानांनी भर मीटिंगमध्ये छाती ठोकली. जळगावच्या एका दवाखान्यात ते सफाई मुकादम. मोठ्या डॉक्टर सुलक्षणा मॅडमनी लगेच शब्द पकडला. "वर्षभर एकही कर्मचारी पडला नाही, तर सगळ्यांना माझ्या शेतावर भरीत-पुरी!" भरिताचं नाव निघाल्यावर खानदेशी माणूस मागं हटतो होय? जिन्यापाशी फळा लागला आणि नाना रोज सकाळी त्यावर एकेक दिवस वाढवू लागले.

फळ्यावर ३६४ झाले, आणि त्याच दुपारी वॉर्डात खुद्द नानाच धप्पकन आपटले! 'फरशी ओली आहे' ही पाटी त्यांच्याच काखेत होती.

सिस्टर दीपमाला धावत आली. "नाना, काय व्हयनं?"

"काहीच नही! कॉटखाल बोळा पडेल शे, तो देखी ऱ्हायनू."

"आडवं पडीसन?"

"आडवं पडीसनच चांगला दिखस!"

पडलो म्हटलं की आकडा शून्यावर आणि साठ माणसांच्या तोंडचा घास गेला! नाना भिंत धरून उठले. चाल अशी, की बैलगाडीचं एक चाक निखळलंय. दीपमालाला वाटलं, मुतखडा! तिने तांब्या-तांब्या पाणी पाजलं. मग काय, दर दहा मिनिटांनी त्याच चालीने संडास गाठणं आलं.

"एक्स-रे काढू का नाना?" एक्स-रेवाल्या जितेंद्रने विचारलं.

"कशाले? मी काय आजारी शे?"

फळ्यावर ३६५ लागले आणि रविवारी शेतावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळात वांगी भाजली. सतरंज्या पडल्या, केळीची पानं मांडली. मॅडम स्वतः वाढायला आल्या. "बसा सगळे!"

नाना काही बसेनात. "उभ्यानेच घास चांगला उतरतो, मॅडम." पण बघतात तर दीपमालाही उभी! कुंदाबाई आया झाडाला टेकलेली. जितेंद्रचा हात कमरेवर. साठांतली बावीस माणसं उभी, आणि एकमेकांकडे बघायची कुणाची छाती होईना.

मॅडमनी भरिताचं पातेलं खाली ठेवलं. "कोण कोण पडलंय?"

"मी संक्रांतले, जिन्यावर," कुंदाबाई पुटपुटली. "पन सांगं तं भरीत जाई ना सगळास्नं!"

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मॅडम, मी परवाच," ते म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. "आधी जेवा! उद्या या बावीस जणांचे एक्स-रे."

जितेंद्र कण्हला, "सगळास्ना मी काढसू मॅडम, मना कोन काढी?"